नियंत्रणानंतर संबंध गेला, म्हणून तो आभासी ठरत नाही

बुटाचं माप मोठं तसं मुलाचं वाचन चांगलं. वय स्थिर धरलं, म्हणजे एकाच वयाच्या मुलांची तुलना केली, की हा संबंध उडतो, कारण वयाबरोबर पाऊलही वाढतं आणि वाचनही. हा आभासी संबंध. इथवर कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ पुढे होतो. कुठलाही चल (वयासारखी बदलती गोष्ट) नियंत्रित केला, म्हणजे असा स्थिर धरला, आणि संबंध नाहीसा झाला, की प्रबंधात बेधडक लिहितात, ‘मूळ संबंध आभासी होता’. तो चल कारण आणि परिणाम यांच्या मधला, म्हणजे मध्यस्थ, आहे का हे कुणी तपासतच नाही.

अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचं १९७३ चं उदाहरण तर सर्रास असं चुकीचं सांगितलं जातं. पदव्युत्तर प्रवेशात अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी ३५ टक्के. विभागवार पाहिल्यावर ही तफावत जवळपास संपली, उलट थोडी स्त्रियांच्या बाजूने झुकली. एका मोठ्या विभागात ८२५ पुरुषांपैकी ६२ टक्के आणि १०८ स्त्रियांपैकी ८२ टक्के निवडले गेले. दुसऱ्यात ३७३ पुरुष, ३४१ स्त्रिया, आणि निवड झाली अनुक्रमे ६ आणि ७ टक्क्यांची. म्हणजे प्रवेश सोपा होता तिथे स्त्रियांचे अर्ज थोडे, अवघड होता तिथे जवळपास पुरुषांइतके.

मग लिंगाचा परिणाम आभासी? मुळीच नाही. वय पावलाच्या वाढीचं कारण आहे, विभाग लिंगाचं कारण असूच शकत नाही. लिंग आधीचं, विभागाची निवड नंतरची, प्रवेश शेवटी. विभाग हा परिणामाचा मार्ग आहे. या आकड्यांवरून विभागांनी सरसकट स्त्रियांना डावललं असं दिसत नाही, एवढंच म्हणता येतं. विश्लेषण करणाऱ्या बिकेल, हॅमेल आणि ओ’कॉनेल यांनी १९७५ मध्ये बोट ठेवलं ते त्याआधीच्या टप्प्यावर: समाज आणि शिक्षणच मुलींना गर्दीच्या, कमी निधीच्या विषयांकडे वळवतात.

आकडेमोड दोन्ही प्रकारांत सारखीच दिसते. समाजशास्त्रज्ञ केंडल आणि लाझार्सफेल्ड यांनी १९५० मध्येच सांगितलं होतं की फरक ठरतो तिसऱ्या चलाच्या काळातल्या जागेवरून. ती जागा एसपीएसएससारखं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर सांगणार नाही. मिळतील तेवढे चल समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये) कोंबण्याआधी कागदावर कारणाकडून परिणामाकडे जाणारे बाण काढा, हा माझा आग्रह आहे.

आपल्याकडे जात आणि उत्पन्न यांच्या अभ्यासात शिक्षण नियंत्रित करतात आणि संबंध क्षीण झाला की ‘जातीचा प्रभाव नगण्य’ असा निष्कर्ष काढतात. जात उत्पन्नापर्यंत पोचते ती बऱ्याच अंशी शिक्षणातूनच. शिक्षण स्थिर धरल्यावर उरतो तो फक्त इतर वाटांनी येणारा परिणाम.