एबीएस: दाब-सोड करणारा पाय यंत्रात कसा गेला

चाळीसगावहून कन्नडचा घाट करणारे जुने ड्रायव्हर नवख्याला आधी एकच गोष्ट शिकवायचे: ब्रेक दाबून धरू नको, दाब-सोड, दाब-सोड कर. चाक जाम झालं की टायर नुसता घासत जातो, आणि घासणारं पुढचं चाक स्टिअरिंगला जुमानत नाही. मृगाच्या पहिल्या सरीत, ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी माती भिजते तेव्हा तर गाडी सरळ पुढेच जाते, मग समोर वळण असो की दरी.

ही दाब-सोड यंत्राकडून करून घ्यायची म्हणजेच एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था). तिची गरज आधी विमानांना पडली. उतरताना चाक जाम झालं की टायर फुटायचे. फ्रान्सच्या गॅब्रिएल व्हॉइसिन या विमाननिर्मात्याने १९२०च्या दशकात त्यावर प्रयोग केले. १९५०च्या दशकात ब्रिटनच्या डनलॉप कंपनीचं ‘मॅक्सारेट’ हे यंत्र आलं. त्यात चाकाबरोबर फिरणारं एक लहान जड चक्र होतं. चाक एकाएकी मंदावलं तरी हे चक्र आपल्या वेगात फिरत राही आणि तेवढ्या फरकाने ब्रेकचा दाब सुटे. विजेच्या एका तारेशिवाय हे साधलं होतं, याचं मला आजही नवल वाटतं. १९६६च्या जेन्सन एफएफ मोटारीत तेच बसवलं; पण गाडी महाग, फार थोड्या बनल्या.

खरा मार्ग इलेक्ट्रॉनिक्समुळे मोकळा झाला. १९७८मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीची प्रणाली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. आजच्या गाड्यांतली रचना मुळात तीच आहे. प्रत्येक चाकापाशी सेन्सर वेग मोजतो. एखादं चाक जाम व्हायला लागलं की व्हॉल्व्ह त्या चाकाचा दाब उतरवतो, पंप तो पुन्हा चढवतो. हे सेकंदात अनेकदा, आणि गरज असेल त्याच चाकाला. इतकं कुठल्याच उस्तादाच्या पायाला जमलं नसतं.

भारतात एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं.

म्हणून जुना धडा आता विसरायला हवा. एबीएस असलेल्या गाडीत संकटाच्या वेळी ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि स्टिअरिंग वळवायचं. पेडल पायाखाली थरथरतं, ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. घाबरून पाय काढू नका. मात्र सुट्या मुरमावर जाम झालेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग लोटून लवकर थांबतं, एबीएसची गाडी तिथे जास्त अंतर खाते. शेतरस्त्याला लागलात की वेग आधीच उतरवा.