दोघांच्या दोन रेघा

दांपत्य समुपदेशनाची बैठक सुरू होण्याआधी दोघांच्या हातात एकेक कागद येतो. कागदावर चार आडव्या रेघा असतात, प्रत्येक 10 सेंटिमीटरची. पहिली स्वतःच्या मनःस्थितीची, दुसरी घरातल्या आणि जवळच्या नात्यांची, तिसरी काम आणि मित्रमंडळींमधल्या वावराची, चौथी एकूण कसं चाललंय याची. डावीकडे वाईट, उजवीकडे चांगलं. गेला आठवडा आठवायचा आणि प्रत्येक रेघेवर एक खूण करायची. थेरपिस्ट पट्टी लावून सेंटिमीटर मोजतो आणि 40 पैकी बेरीज मांडतो. मिनिटभराचं काम. स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेली ही मोजणी आहे. मोठ्या माणसांसाठी तिची सीमारेषा 25 वर आखलेली आहे. बेरीज त्याखाली गेली, तर ती सहसा मदतीसाठी आलेल्या माणसांमध्ये दिसणाऱ्या त्रासाशी जुळते.

समजा, नवऱ्याची बेरीज आली 31 आणि बायकोची 16. सरासरी साडेतेवीस. पण ही सरासरी त्या घरात कोणाचीच नाही. त्याला वाटतंय, फारसं काही बिघडलेलं नाही, ही म्हणाली म्हणून आलो. तिच्या मात्र नाकातोंडात पाणी जातंय. या जोडप्याबद्दलची सगळ्यात मोलाची माहिती त्या 15 गुणांच्या अंतरात आहे आणि सरासरी काढली की नेमकी तीच पुसली जाते. कौटुंबिक उपचारांचा परिणाम मोजणं अवघड का, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं. एकट्या माणसाला ‘बरं वाटतंय का?’ एवढं विचारता येतं. कुटुंबात आधी ठरवावं लागतं, कोणाचं ‘बरं’? चौदा वर्षांचा मुलगा स्वतःच्या मनाने निर्णय घेऊ लागला की त्याला मोकळं वाटतं, आणि त्याच आठवड्यात आईची खूण डावीकडे सरकते.

नातं मोजायची धडपड जुनी आहे. हार्वी लॉक आणि कार्ल वॉलेस यांनी 1959 मध्ये वैवाहिक जुळवणुकीची 15 प्रश्नांची छोटी चाचणी दिली. 1976 मध्ये ग्रॅहम स्पॅनियर यांनी 32 प्रश्नांची, 151 पर्यंत गुणांची मापनश्रेणी आणली आणि पुढची कित्येक वर्षं संशोधनात तिचंच राज्य होतं. तिच्यात पैसा, नातेवाईक, घरकाम अशा विषयांवर दोघांचं किती पटतं, हे विचारलेलं असतं. माझी तक्रार एवढीच की न पटण्यासाठी आधी बोलावं लागतं. ज्या घरात वाद घालण्याचाही कंटाळा आलाय, तिथे शांतता भरपूर असते. 2007 मध्ये जॅनेट फंक आणि रोनाल्ड रॉग यांनी वेगळी वाट धरली. कुठला प्रश्न सुखी आणि दुःखी जोडप्यांना खरोखर वेगळं करतो आणि कुठला नुसती जागा अडवतो, हे त्यांनी संख्याशास्त्राने तपासलं आणि नेमके प्रश्न तेवढे ठेवले. त्यांच्या श्रेणीची सगळ्यात छोटी आवृत्ती अवघ्या चार प्रश्नांची आहे. अख्ख्या कुटुंबासाठी ब्रिटनमध्ये पीटर स्ट्रॅटन आणि सहकाऱ्यांनी ‘स्कोअर-15’ ही प्रश्नावली तयार केली. घरातली बळं, अडचणी आणि आपसातला संवाद असे तिचे तीन पदर आहेत.

पण आकडा हलला म्हणजे माणूस बरा झाला का? वजनकाट्यावर सकाळ-संध्याकाळ थोडा फरक पडतो, म्हणून कोणी बारीक झालो म्हणत नाही. हा प्रश्न नील जेकबसन यांनी लावून धरला. ते मुळात जोडप्यांवरच्या उपचारांचेच अभ्यासक. पॉला ट्रुअ‍ॅक्स यांच्यासोबत 1991 मध्ये त्यांनी दोन कसोट्या एकत्र मांडल्या. पहिली, झालेला बदल मोजपट्टीच्या नेहमीच्या चुकीपेक्षा मोठा हवा. दुसरी, उपचारांनंतर माणूस त्रासातल्या लोकांच्या पट्ट्यातून बाहेर पडून सर्वसाधारण लोकांच्या पट्ट्यात यायला हवा. दोन्ही जमलं तरच खरी सुधारणा म्हणायची. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो. नुसती ‘सरासरी वाढली’ ही बातमी संशोधकाच्या कामाची असते, समोर बसलेल्या बाईला तिचा काही उपयोग नाही.

या कसोट्या लावल्यावर काय दिसतं? अमेरिकेत अँड्र्यू क्रिस्टेन्सन, जेकबसन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ त्रासात असलेल्या 134 विवाहित जोडप्यांवर दोन उपचारपद्धतींची तुलना केली. एकीत जुनी, वागणूक बदलण्यावर भर देणारी रीत होती. दुसरीत बदलाच्या जोडीला एकमेकांना आहे तसं स्वीकारण्यावर काम होतं. उपचार संपले तेव्हा नव्या पद्धतीतली 71 टक्के आणि जुन्या पद्धतीतली 59 टक्के जोडपी निदान पहिल्या कसोटीला उतरली होती. पण मोजणी तिथे थांबली नाही. पाच वर्षांनी हे आकडे 50 आणि 46 वर आले होते आणि दोन्ही गटांतली साधारण चौथाई जोडपी विभक्त झाली होती. शेवटच्या बैठकीला हसतमुखाने निरोप देणाऱ्या थेरपिस्टला ही पाच वर्षं कधीच दिसत नाहीत.

त्या चौथाईला अपयशात धरावं का? संशोधनाच्या तक्त्यात बहुतेक वेळा तसंच धरतात. घरात मारहाण होत असेल, तर बाईचं सुखरूप बाहेर पडणं अपयशाच्या रकान्यात जाता कामा नये, हे मी ठासून सांगेन. त्याच कारणाने हिंसेविषयीचे प्रश्न जोडीदारासमोर न विचारता प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचे असतात. शेजारी तोच माणूस बसलेला असताना रेघेवरची खूण हमखास उजवीकडे जाते.

आता थेरपिस्टच्या बाजूला येऊ. तो कामात किती तरबेज आहे, हे कसं कळणार? त्यालाच विचारून नाही. स्टीव्हन वॉलफिश आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 129 मानसोपचार व्यावसायिकांना स्वतःला इतरांच्या तुलनेत जोखायला सांगितलं. एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही. चौथाई लोकांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. अनुभवाच्या वर्षांवरही विसंबता येत नाही. वैयक्तिक उपचार करणाऱ्या 170 थेरपिस्टांचा 2016 मध्ये आलेला अभ्यास सांगतो की वर्षं वाढली तशी त्यांच्या परिणामांत सरासरी वाढ झाली नाही, उलट किंचित घट दिसली.

अमेरिकेतल्या विवाह आणि कुटुंब थेरपिस्टांच्या संघटनेने 2004 मध्ये या कामासाठी लागणाऱ्या तब्बल 128 क्षमतांची यादी केली. यादी विचारपूर्वक केलेली आहे, पण अमुक गोष्ट येते एवढ्यावर ती खोलीत वेळेवर सुचते असं होत नाही. म्हणून बैठकीचं चित्रीकरण पाहावं लागतं, तेही एकाहून अधिक प्रशिक्षित माणसांनी, एकमेकांचे गुण न बघता. दोघांचे गुण जुळले नाहीत, तर ती मोजणी फुकट. पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: ठरलेली पद्धत पाळली का आणि ती चांगली वापरली का. पहिली पाठांतरानेही जमते.

चांगली म्हणजे कशी? बायको बोलता बोलता रडायला लागलीय. नवरा खुर्चीत मागे रेललाय, नजर दाराकडे. थेरपिस्ट तिच्याकडे झुकून पाच मिनिटं तिला धीर देत राहिला, तर एकाशी नातं जुळलं आणि दुसऱ्याशी तुटलं. तरबेज थेरपिस्ट तिचं वाक्य पुरं होऊ देतो आणि मग त्याच्याकडे वळून विचारतो, “हे ऐकताना तुमच्या मनात काय चाललंय?” मर्ना फ्रीडलँडर, व्हॅलेंटीन एस्कुदेरो आणि लॉरी हेदरिंग्टन यांची निरीक्षणपद्धत असेच क्षण टिपते: कोण सहभागी आहे, थेरपिस्टशी भावनिक धागा कोणाचा जुळलाय, कोणाला सुरक्षित वाटतंय, आणि आपण एकाच कामासाठी आलोय असं सगळ्यांना वाटतंय का.

याने बाहेरच्या जगात फरक पडतो का? वॉशिंग्टन राज्यात गुन्ह्यांत सापडलेल्या किशोरांच्या कुटुंबांना ‘फंक्शनल फॅमिली थेरपी’ दिली गेली. 2004 च्या सरकारी मूल्यमापनानुसार, उपचार न मिळालेल्या गटातल्या 27 टक्के मुलांच्या हातून 18 महिन्यांत पुन्हा गंभीर गुन्हा घडला. तरबेज ठरलेल्या थेरपिस्टांकडच्या मुलांत हे प्रमाण 17 टक्के होतं. जे तरबेज ठरले नाहीत, त्यांच्याकडची मुलं उपचार न मिळालेल्यांपेक्षा जराही बऱ्या स्थितीत नव्हती. उपचारांचं नाव एकच होतं.

नॉर्वेतल्या मॉर्टन अँकर, डंकन आणि जॅकलिन स्पार्क्स यांच्या 2009 च्या प्रयोगात तर थेरपिस्टही तेच होते. 205 जोडप्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत थेरपिस्टला रेघांचे आकडे दर बैठकीला दिसत, उरलेल्यांच्या बाबतीत दिसत नसत. आकडे दिसलेल्या गटात खरी सुधारणा झालेल्या जोडप्यांचं प्रमाण जवळजवळ चौपट निघालं आणि सहा महिन्यांनीही आघाडी टिकून होती. कागद तयार करणारेच प्रयोगात होते आणि यशही त्याच कागदावर मोजलं होतं, म्हणून चौपटीचा आकडा मी जरा हात राखूनच घेते. तरीही कागदाचं काम कसं चालतं, ते मला पटतं. बैठक संपताना आणखी चार रेघा येतात, या वेळी खुद्द थेरपिस्टबद्दल: माझं ऐकून घेतलं का, मला हव्या त्या विषयावर बोललो का, पद्धत मला रुचली का, एकूण कसं वाटलं. 31 वाला नवरा दुसऱ्या रेघेवर पार डावीकडे खूण करतो. थेरपिस्ट पट्टी बाजूला ठेवतो आणि विचारतो, “कशाबद्दल बोलायचं राहून गेलं?” नवरा आधी कागदाकडे बघतो, मग बायकोकडे, आणि उठायला निघालेला असतो तो पुन्हा बसतो.