‘ही गोज’मधला हट्टी एस

कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एखादं एकवचनी नाम असेल, तर साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस किंवा ईएस लावायचा. आय गो, यू गो, दे गो, पण ही गोज. मराठी शाळांत इंग्रजीचे जे नियम लवकर घोकून घेतले जातात, त्यांतला हा एक. त्याला अपवादही फारसे नाहीत. तरी पदवी घेऊन नोकरीला लागलेला माणूस बोलण्याच्या ओघात ‘माय ब्रदर वर्क इन पुणे’ असं म्हणून जातो. त्याला तिथेच थांबवलं, तर चूक कुठे झाली ते तोच सांगेल. कागदावर गाळलेल्या जागा भरायला दिल्या, तर सगळे एस जागच्या जागी लावेल.

शिक्षक याला निष्काळजीपणा म्हणतात. माणूस भाषा कशी शिकतो याचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र या एसने गेली ५० वर्षं कामाला लावलं आहे.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन अमेरिकन मुलांचं बोलणं दीर्घकाळ टिपून ठेवलं आणि १९७३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ॲडम, ईव्ह आणि सेरा ही त्या मुलांची अभ्यासापुरती नावं. तिघांची घरची भाषा इंग्रजीच होती. ब्राउन यांनी इंग्रजीतले १४ बारीकसारीक व्याकरणिक घटक निवडले आणि कोणता घटक मुलांच्या तोंडी कधी पक्का बसतो ते तपासलं. ईव्ह झपाट्याने शिकली, बाकीचे दोघे सावकाश, पण क्रम मात्र तिघांचा जवळपास एकच निघाला. आधी क्रियापदाचा ‘-इंग’, पुढे ‘इन’ आणि ‘ऑन’, त्यानंतर अनेकवचनाचा एस. मग मालकी दाखवणारा एस. ‘अ’ आणि ‘द’ त्यानंतर, भूतकाळाचा ‘-ईडी’ त्याहून उशिरा. आणि ‘ही रन्स’मधला एस त्याच्याही मागून.

यातली गंमत अशी की हे तिन्ही एस कानाला एकच आहेत. ‘कॅट्स’ म्हणजे मांजरं, ‘द कॅट्स टेल’ म्हणजे मांजराची शेपटी, ‘ही सिट्स’ म्हणजे तो बसतो. उच्चाराचा नियमही तिघांना सारखाच लागू. क, प, ट यांसारख्या अघोष ध्वनीनंतर स्वच्छ ‘स’. ग, ब, ड किंवा स्वर यांच्यानंतर तो घोष होतो, म्हणजे ‘जास्त’मधल्या ज-च्या जवळ जातो: डॉग्ज, गोज. आणि शब्द स, श, च, ज यांनी संपत असेल तर मध्ये एक ‘इ’ घुसतो: वॉचिज, हॉर्सिज. हा नियम मुलं कुणी न शिकवता लावतात. ते जीन बर्को यांनी १९५८ मध्ये ‘वग’ नावाच्या काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवून तपासलं होतं. कधीच न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर ‘वग्ज’ असं केलं. आपल्याकडे या उच्चारभेदाकडे वर्गात फारसं लक्ष दिलं जात नाही, हा माझा जुना आक्षेप आहे. तर, ध्वनी एक, तो लावायची रीत एक, तरी एक एस लवकर येतो आणि दुसरा रखडतो. म्हणजे अडचण जिभेची नसून तो एस काय काम करतो त्यात आहे.

दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांचं काय? हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतली स्पॅनिश आणि चिनी भाषक मुलं तपासली. दोन्ही गटांचा क्रम एकमेकांशी बराच जुळला. ब्राउन यांच्या क्रमापेक्षा तो काही बाबतींत वेगळा होता, पण तृतीय पुरुषी एस इथेही मागच्या बाकावरच. त्याच वर्षी प्रौढांच्या अभ्यासातही साधारण असंच चित्र दिसलं. मातृभाषेचा काहीच परिणाम होत नाही असा अर्थ तेव्हा काहींनी काढला. तो पुढे टिकला नाही. आपल्या भाषेत ‘अ’ आणि ‘द’ यांच्यासारखे शब्दच नसतील तर ते पचायला जास्त वेळ लागतो, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं आणि कोणताही मराठी माणूस त्याला दुजोरा देईल.

पण एसच्या बाबतीत मराठी माणसाला मातृभाषेचं निमित्त सांगता येत नाही. आपलं क्रियापद पाहा. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातं, तुम्ही जाता, त्या जातात. पुरुष, लिंग, वचन, सगळं एका शेपटाला बांधलेलं. हा सगळा पसारा आपण शाळेत जायच्या आधीच सांभाळतो. मग इंग्रजीतला एकुलता एक एस का निसटावा?

कारण आपलं शेपूट काम करतं. ‘उद्या येतेस का?’ या प्रश्नात कर्ता नाही, तरी समोर एकच व्यक्ती आहे, ती बाई किंवा मुलगी आहे आणि तिच्याशी अरे-तुरेचं नातं आहे, एवढं कळतं. ‘-तेस’ काढून घेतलं तर वाक्यच कोसळेल. इंग्रजीत कर्ता सहसा गाळता येत नाही. ‘ही’ म्हटल्यावर माणूस एक आहे आणि तो तिसराच कुणी आहे हे कळून चुकलेलं असतं. त्यानंतर येणारा एस नवीन काहीच सांगत नाही. पत्रिकेवर वराचं नाव छापल्यावर खाली पुन्हा ‘हा वर आहे’ असं लिहावं, तसला प्रकार. त्यातून तो ऐकूही नीट येत नाही. ‘ही स्पीक्स स्लोली’मध्ये पुढच्या स-मध्ये विरघळून जातो. जेनिफर गोल्डश्नायडर आणि रॉबर्ट डीकायझर यांनी २००१ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. घटक कानाला किती ठळक जाणवतो, किती वेळा ऐकू येतो, त्यावर अर्थाचं ओझं किती, अशा मोजक्या गोष्टींवरून शिकण्याचा क्रम बऱ्याच अंशी सांगता येतो, असं त्यांना आढळलं.

मग एस न लावणाऱ्याला कर्ता आणि क्रियापदाचा मेळच कळलेला नसतो का? तानिया आयोनिन आणि केनेथ वेक्सलर यांनी २००२ मध्ये रशियन भाषक मुलांचं इंग्रजी तपासून याचं उत्तर दिलं. ही मुलं एस बेधडक गाळत, पण नको तिथे क्वचितच लावत. आणि तीच मुलं ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ मात्र योग्य कर्त्यापुढे ठेवत. म्हणजे मेळ डोक्यात पक्का होता, तो चिमुकला प्रत्यय वेळेवर तोंडात येत नव्हता. मला हा पुरावा फार पटतो, आणि त्याच्यापुढे ‘नियम पाठ नाही’ ही तक्रार लंगडी पडते.

खुद्द इंग्लंडमध्येही हा एस सगळ्यांचा नाही. जुन्या इंग्रजीत एकवचनात प्रत्येक पुरुषाला वेगळा प्रत्यय होता आणि ‘तो’साठी दक्षिणेत ‘-एथ’ चाले. एस आला उत्तरेकडून. उत्तर इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावरच्या, बायबलमधल्या लॅटिन शुभवर्तमानांवर दहाव्या शतकात ओळींच्या मधे लिहिलेल्या इंग्रजी अर्थात तो दिसतो. लंडनला पोचायला त्याला शतकं लागली. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही रूपं शेजारी नांदत होती. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या दयेवरच्या भाषणात ‘इट ब्लेसेथ हिम दॅट गिव्ज अँड हिम दॅट टेक्स’ अशी एक ओळ आहे. एकाच दमात ‘-एथ’ही आणि एसही, वृत्ताला एक अक्षर जास्त हवं की कमी त्याप्रमाणे. १६११ च्या बायबलने मात्र जुना ‘-एथ’च धरून ठेवला. बाकीचे प्रत्यय झडून गेले आणि एस तेवढा उरला. पूर्वेकडच्या नॉरिच शहरात तोही धड टिकला नाही. पीटर ट्रडगिल यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार तिथल्या सर्वांत खालच्या कामगारवर्गाच्या रोजच्या बोलण्यात ९७ टक्के वेळा एस गायब होता; मध्यमवर्गाच्या वरच्या गटात तो एकदाही सुटला नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसं ही.

शिकणाऱ्याला या इतिहासाचा एक थेट उपयोग आहे. ‘ही कॅन्स’ का होत नाही? ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही मुळात भूतकाळाच्या घाटाची रूपं. त्यांचा अर्थ वर्तमानकाळी झाला, पण रूप तेच राहिलं. भूतकाळात तृतीय पुरुषाला एस लागत नाही. आपण ‘ही वेंट्स’ म्हणत नाही, तसंच हे. दुसरी नेहमीची अडचण ‘डज ही गोज?’ची. वाक्याला एस एकदाच मिळतो आणि तो पहिल्या क्रियापदाला जातो: ही इज गोइंग, ही हॅज गॉन, डज ही गो. ‘डू’ने तो उचलला की ‘गो’ मोकळा.

राहिला सरावाचा प्रश्न. नियम पुन्हा घोकून फार काही हाती लागत नाही, कारण तो आधीच माहीत असतो. एस भरपूर ऐकू येईल अशा जागा शोधाव्या लागतात, आणि गप्पागोष्टींत त्या कमी असतात, तिथे मी-तू आणि भूतकाळच जास्त. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंटरी मात्र याची खाण आहे. चालू चेंडूचं वर्णन तिथे साध्या वर्तमानकाळात होतं: ‘ही रन्स इन, बोल्स, द बॅट्समन ड्राइव्ज, मिड-ऑफ डाइव्ज, मिसेस.’ ‘ही’ शब्द एकदाच येतो, पुढची क्रियापदं बऱ्याचदा कर्त्याशिवायच धावतात, एस मात्र सुटत नाही. त्यातही टीव्हीपेक्षा रेडिओची बरी. टीव्हीवर चित्र दिसत असल्याने कॉमेंटेटर चेंडूचं चेंडू वर्णन करत बसत नाही, रेडिओवाल्याला ते करावंच लागतं.