पालक आधारगट : संचालनाची कौशल्ये

मुले वाढवतानाच्या अडचणी पालकांनी ठरावीक दिवशी एकत्र बसून एकमेकांपुढे मांडाव्यात, यासाठीचा लहान गट म्हणजे पालक आधारगट. तो चालवणाऱ्यास सुलभक म्हणतात. शाळेच्या पालकसभेत शिक्षक बोलतात आणि पालक ऐकतात. येथे बोलायचे ते पालकांनी.

सुलभक तज्ज्ञच असावा लागतो असे नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील सात मातांनी १९५६ साली स्थापलेल्या, स्तनपान करणाऱ्या मातांना आधार देणाऱ्या ‘ला लेचे लीग’ या संघटनेच्या गटप्रमुख स्वतः मुलांना अंगावर पाजलेल्या स्त्रिया असतात. विकासात मागे पडलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या ९ गटबैठका व ३ गृहभेटीही प्रशिक्षित कार्यकर्ते किंवा अनुभवी पालक घेऊ शकतात.

सर्वांत अवघड कौशल्य सल्ला न देण्याचे. ‘मुलगी जेवतच नाही’ असे एखादी आई म्हणाली की चार उपाय ओठांवर येतात. ते मागे ठेवून ‘काल जेवताना काय झालं?’ असे विचारावे, मग इतरांकडे वळावे. कोणी रडू लागले तर घाईने समजूत घालू नये. त्या शांततेत बहुधा खरी गोष्ट बाहेर येते. बैठक दुपारी ठेवली की आयाच येतात. वडील हवे असतील तर वेळ त्यांच्या कामावरून ठरवावी लागते.

मात्र गप्प राहणे प्रत्येक वेळी योग्य नसते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल आणि गटातून ‘आमचाही उशिराच बोलला, काळजी करू नका’ असा दिलासा आला, तर सुलभकाने तेथे थांबवलेच पाहिजे. अशा प्रेमळ दिलाशात उपचाराचे मोलाचे महिने जातात. मुलाची श्रवणचाचणी आणि मुलांच्या विकासातील अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील तपासणी सुचवावी.

‘इथले बोलणे इथेच’ हा नियम लहान गावात पाळणे कठीण, कारण जावा-नणंदा एकाच गटात असतात. शिवाय त्याला कायद्याची मर्यादा आहे. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे पहिल्याच बैठकीत सांगावे. कोणी मन मोकळे केल्यावर सांगितले, तर त्या व्यक्तीला तो विश्वासघात वाटतो.