चारशेचा शाफ्ट, शंभरचं टोक : शिकारी बाणाच्या हिशोबामागचा इतिहास

कार्बनच्या बाणावर ३००, ३४०, ४००, ५०० असा एक आकडा छापलेला असतो आणि टोकाच्या पाकिटावर १०० किंवा १२५. पहिला आकडा बाणाच्या काठीच्या (शाफ्टच्या) ताठपणाचा, म्हणजे स्पाइनचा. दुसरा टोकाच्या वजनाचा, तोही ग्रेनमध्ये (साधारण १५.४ ग्रेनचा एक ग्रॅम होतो). दुकानात या दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळी खरेदी. धनुष्याच्या दृष्टीने मात्र ही एकच गोष्ट आहे, आणि ती दोन आकड्यांत कशी विभागली गेली हे कळलं की निवडीतल्या निम्म्या चुका टळतात.

पुढचा भाग जड करण्याची युक्ती लोखंडाच्याही आधीची आहे. जर्मनीत हाम्बुर्गजवळ स्टेलमूर इथे रेनडिअरच्या शिकाऱ्यांचे हिमयुगाच्या अखेरचे बाण सापडले. ते पाइनचे आणि दोन भागांत बनवलेले होते: मागे लांब काठी, पुढे वेगळा बसवलेला आखूड तुकडा. १९९१मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओट्झी या प्रागैतिहासिक माणसाच्या भात्यात १४ बाण होते, पण पुरते तयार झालेले दोनच. त्यांतल्या एकाला असाच वेगळा पुढचा तुकडा आहे. टोक मोडलं तर तेवढाच तुकडा बदलता यावा हा उघड फायदा. शिवाय पुढे टणक लाकूड आणि मागे हलकी काठी अशी जोड केली की बाणाचा तोल आपोआप पुढे सरकतो.

आपल्याकडच्या धनुर्वेदाच्या संस्कृत ग्रंथांत बाणांचे तीन प्रकार सांगितले आहेत: पुढे जाड तो स्त्री, मागे जाड तो पुरुष आणि सारखा तो नपुंसक. पहिला लांब जातो, दुसरा घट्ट वस्तू भेदतो, तिसरा नेम धरण्याच्या सरावाला. भेदण्यासाठी वजन पुढेच हवं, असं आज छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाहावा. अर्थात जाडी म्हणजे वजन नव्हे, आणि मागे जाड काठी मागून बसणारा धक्का न वाकता पेलते, हेही खरं.

जुन्या धनुष्याला बाणासाठी मधे खाच कापलेली नसे. बाण मुठीच्या बाजूला टेकायचा, म्हणजे ताणलेल्या अवस्थेत त्याचं टोक लक्ष्याच्या जरा बाहेरच रोखलेलं असायचं. तरी तो नेमका सरळ जायचा. या विसंगतीला अमेरिकेतले धनुर्धर रॉबर्ट एल्मर यांनी १९१३मध्ये ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ म्हटलं. उत्तर मिळालं १९३०च्या दशकात, क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रांतून. हिकमन भौतिकशास्त्रज्ञ, रॉबर्ट गोडार्ड यांच्याबरोबर रॉकेटवर काम केलेले. दोरी बोटांवरून सुटताना किंचित बाजूला सरकते, मागून जोराचा धक्का येतो, पुढचं वजन जागचं हलायला वेळ घेतं आणि मधली काठी धनुकलीसारखी वाकते. मग ती उलट दिशेला वाकते. मागची पिसं मुठीशेजारी पोहोचेपर्यंत काठीचा वाक मुठीपासून दूर गेलेला असतो, म्हणून पिसं न घासता बाण निसटतो.

सगळा हिशोब या वाकण्याच्या वेळेचा आहे. काठी फार ताठ असेल तर ती पुरेशी वाकत नाही, मुठीवर आपटते आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार मऊ असेल तर उजवीकडे. पुढचं वजन वाढवलं की तीच काठी मऊ वागते, आखूड कापली की ताठ. टेबलावर मोजलेला ताठपणा एक आणि सुटतानाचा ताठपणा दुसरा, हे त्या चित्रांनी दाखवलं.

मोजमाप मात्र टेबलावरचंच रूढ झालं, कारण तेच सोपं होतं. लाकडी बाणांसाठी अमेरिकी पद्धत अशी: २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काठी आडवी ठेवायची, मधोमध २ पौंड वजन टांगायचं, ती किती इंच खाली वाकते ते मोजायचं आणि २६ला त्या आकड्याने भागायचं. काठी ०.५२ इंच वाकली तर ती ५० पौंडांची. ही ‘पौंडांची’ भाषा सोयीची होती: ५० पौंड ओढीचं धनुष्य, ५० पौंडांची काठी. पण त्यात २८ इंचांचा बाण आणि १२५ ग्रेनच्या आसपासचं टोक गृहीत धरलेलं होतं. लाकडी बाण करणारे म्हणूनच आजही बाण २८ इंचांच्या वर गेला की दर इंचाला ५ पौंड आणि १२५च्या वर दर २५ ग्रेनला आणखी ५ पौंड ताठ काठी घेतात. दुरुस्ती मोठी का, तर वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २८वरून ३० इंच केले की काठी जवळजवळ २३ टक्के जास्त वाकते.

लाकडाची अडचण एकसारखेपणाची. ओरेगनच्या पोर्ट ऑरफर्ड सिडारच्या शंभर काठ्यांतून ताठपणात पाच पौंडांच्या आणि वजनात दहा ग्रेनच्या आत बसणाऱ्या डझनभर काठ्या वेचणं हे खरं कौशल्य होतं. डग ईस्टन यांनी १९३९मध्ये ॲल्युमिनियमचे बाण बनवले. दोनच वर्षांनी लॅरी हग्ज त्या बाणांनी अमेरिकेचे राष्ट्रीय विजेते झाले. नळीवर छापलेला आकडाही बोलका: २११७ म्हणजे बाहेरचा व्यास २१/६४ इंच आणि पत्र्याची जाडी १७ हजारांश इंच. व्यास थोडा वाढवला की ताठपणा झपाट्याने वाढतो, म्हणून वजन आणि ताठपणा पहिल्यांदाच हवे तसे वेगवेगळे निवडता आले.

पुढे कार्बन आला आणि मोजण्याची रीत बदलली. आता टेकू २८ इंचांवर, वजन १.९४ पौंड आणि जितके हजारांश इंच वाक तितका आकडा. ४०० म्हणजे ०.४०० इंच, आकडा लहान तितकी काठी ताठ. जुन्या रीतीत उलटं होतं. यातून होणारी गफलत ठरलेली: लाकडी ५० आणि कार्बनची ५०० सारखीच समजणं. प्रत्यक्षात ५०० नंबरची काठी जुन्या हिशोबाने ६३ पौंडांची भरते, आणि ५० पौंडांची लाकडी काठी नव्या हिशोबाने ६३०ची.

दरम्यान धनुष्यही बदललं. अमेरिकेतल्या मिझुरीचे हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९मध्ये कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याचं पेटंट मिळालं. (शिकारीसाठी जन्मलेल्या याच प्रकारात २०२३च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विजेते ठरले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे धनुष्याने शिकारीचा प्रश्नच येत नाही.) कंपाउंडमध्ये बाण मधोमध बसतो आणि दोरी बहुतेक वेळा बोटांऐवजी रिलीजने (दोरी धरून सोडणाऱ्या खटक्याने) सुटते, त्यामुळे बाजूचं वाकणं खूप कमी होतं आणि उरतं ते मुख्यतः वरखाली. मुठीला वळसा घालण्याची गरज संपली, तरी ताठपणाचं महत्त्व टिकलं. कारण चाकांमुळे पूर्ण जोर फार लवकर बसतो. चाक, म्हणजे कॅम, तीव्र असेल तर त्याच ओढीला एक पायरी ताठ काठी लागते.

कंपाउंडबरोबर वेगाचं वेड आलं. आखूड, हलके बाण, कमीत कमी वजनाची टोकं. पात्यांचं शिकारी टोक अशा बाणावर स्वतःच पंखासारखं वागतं आणि मागची पिसं त्याला आवरू शकत नाहीत. याची उलट बाजू शिकारी बाणांचे अभ्यासक एड ॲशबी यांनी मांडली. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये आणि पुढे ऑस्ट्रेलियात म्हशींवर बाणांची भेदकता तपासून त्यांनी जड हाडासाठी किमान ६५० ग्रेनचा बाण आणि १९ टक्क्यांहून जास्त पुढचा भार (म्हणजे बाणाचा तोलबिंदू मध्यापासून लांबीच्या तितके टक्के पुढे) यांची शिफारस केली. हरणासाठी एवढं लागतंच असं नाही. म्हशीसाठीचा उपाय सगळीकडे लावण्याचा उत्साह मात्र भरपूर दिसतो.

पुढचा भार मोजायला सोपा आहे. बाणाच्या मागच्या, दोरी अडकवायच्या खाचेपासून काठीच्या पुढच्या कडेपर्यंत लांबी घ्या, टोक धरू नका. बाण बोटावर तोलून तोलबिंदूचं खाचेपासूनचं अंतर मोजा, त्यातून निम्मी लांबी वजा करा, उरलेल्याला लांबीने भागा आणि शंभराने गुणा. समजा २९ इंचांची, इंचाला ९ ग्रेन भरणारी काठी, १६ ग्रेनचा इन्सर्ट (टोक बसवायला काठीत घातलेला तुकडा), १०० ग्रेनचं टोक, पिसं आणि खाच मिळून ३० ग्रेन. बाण ४०७ ग्रेनचा, पुढचा भार ११ टक्के. त्यात ५० ग्रेनचा पितळी इन्सर्ट आणि २०० ग्रेनचं टोक घातलं की बाण ५४१ ग्रेनचा, भार २१ टक्के. वेग साधारण १२-१३ टक्क्यांनी घटतो, म्हणजे नेम धरायच्या साधनावरच्या लांबच्या अंतरांच्या सगळ्या पिना पुन्हा लावाव्या लागतात. आणि आधी बरोबर बसणारी ४००ची काठी आता मऊ पडते. ३४० किंवा ३००वर जावं लागतं. ती काठी स्वतः जड असेल तर कमावलेल्या टक्क्यांतले थोडे परत जातात.

म्हणून क्रम असा बरा: आधी टोकाचं वजन ठरवा, मग त्याला पेलणारी काठी घ्या, ती लांबच ठेवा आणि बिनपिसाचा बाण पिसाच्या बाणांसोबत १८-२० मीटरवरून मारून पाहा. उजव्या हाताच्या धनुर्धराचा बिनपिसाचा बाण उजवीकडे लागला तर काठी मऊ आहे: अर्धा अर्धा इंच कापत जा, पण टोक आणि धनुष्यावरचा बाणाचा टेकू यांत सुरक्षित अंतर राखूनच. डावीकडे लागला तर ताठ: टोकाला २५ ग्रेन वाढवा. जास्त कापलेली काठी परत लांब होत नाही, ती जड टोकानेच सावरावी लागते.

बिनपिसाचा बाण मारताना खाच मात्र शिकारीत वापरणार तीच असू द्या. वरच्या ४०७ ग्रेनच्या बाणाला १२ ग्रेन जास्त वजनाची, छोटा दिवा असलेली खाच लावली की भार ११वरून साडेनऊ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि मागच्या वजनामुळे तीच काठी किंचित ताठ वागते.