ऑडिट लॉगिंगमधील एंटिटी ट्रॅकिंगच्या त्रुटी

डेटाबेसमध्ये कोणी, केव्हा आणि काय बदलले याची नोंद ठेवताना ओआरएमच्या (डेटाबेसच्या रांगा कोडमधील ऑब्जेक्ट, म्हणजे एंटिटी, म्हणून हाताळणारे साधन) चेंज ट्रॅकरमुळे (त्या ऑब्जेक्टमधील बदलांवर लक्ष ठेवणारा भाग) उद्भवणाऱ्या त्रुटी. येथील विवेचन एंटिटी फ्रेमवर्क कोअर या मायक्रोसॉफ्टच्या ओआरएमला धरून आहे. त्यात ऑडिटचा कोड बदल डेटाबेसमध्ये साठवणारी सेव्हचेंजेस ही मेथड ओव्हरराइड करून किंवा 5.0 आवृत्तीत (2020) आलेल्या, सेव्हच्या आधी-नंतर चालणाऱ्या सेव्हचेंजेस इंटरसेप्टरमध्ये लिहितात. हा कोड ज्या ट्रॅकरमधून बदल वाचतो, त्यातच स्वतःच्या नोंदीही घालतो. बरीचशी गुंतागुंत इथूनच सुरू होते. एंट्रीजवर (ट्रॅकरमधील एकेका ऑब्जेक्टच्या नोंदी) लूप चालू असतानाच नवी नोंद घातली की ‘कलेक्शन बदलले’ असा अपवाद (एक्सेप्शन) येतो. आधी टूलिस्टने एंट्रीजची वेगळी यादी करून घेतली आणि ऑडिटची एंटिटी वगळली की हा प्रश्न मिटतो.

सर्वांत परिचित त्रुटी म्हणजे त्याच कीचा (रांगेची एकमेव ओळख) दुसरा ऑब्जेक्ट आधीच ट्रॅक होत असल्याची तक्रार. जुनी मूल्ये हवीत म्हणून कोड 42 क्रमांकाची ऑर्डर फाइंड या मेथडने आणतो, त्यामुळे ती ट्रॅक होऊ लागते, आणि मग विनंतीतून आलेला 42 क्रमांकाचाच वेगळा ऑब्जेक्ट अपडेट या मेथडला देतो. कोणती की अडली हे संदेशात दिसायला सेन्सिटिव्ह डेटा लॉगिंग (संदेशांत खरी मूल्ये दाखवणारी सोय) चालू करावे लागते. ते डेव्हलपमेंटपुरतेच ठेवावे. ॲजनोट्रॅकिंगने (ट्रॅक न करता) वाचून अपवाद टळतो खरा, पण आधीच ट्रॅक झालेल्या ऑब्जेक्टवर सेटव्हॅल्यूजने नवी मूल्ये भरणे अधिक चांगले, कारण मग बदललेले कॉलमच ‘मॉडिफाइड’ ठरतात. बाहेरून आलेला ऑब्जेक्ट थेट अपडेटला दिला, तर ट्रॅकरला जुने मूल्य कळतच नाही. ऑर्डर ‘प्रलंबित’वरून ‘मंजूर’ झालेली असते आणि नोंद सांगते: जुने ‘मंजूर’, नवे ‘मंजूर’. अपवाद न येणाऱ्या अशा चुकाच जास्त घातक. त्या तपासणीच्या दिवशीच उघड होतात.

नव्या रांगेची की डेटाबेस ठरवत असेल, तर सेव्हपूर्वी ट्रॅकरकडे -2147482647 सारखी तात्पुरती संख्या असते. तीच लॉगमध्ये उतरू नये म्हणून इजटेम्पररी (मूल्य तात्पुरते आहे का) तपासून खरी की सेव्हनंतर भरतात. मात्र सेव्ह झाल्यावर नव्या आणि बदललेल्या एंट्रीज ‘अनचेंज्ड’ होतात आणि डिलीट झालेल्या ट्रॅकरमधून निघून जातात, म्हणून बाकीचा तपशील आधीच टिपलेला हवा, आणि मूळ बदलांचे व ऑडिटचे अशी दोन्ही सेव्ह एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच यशस्वी किंवा रद्द होणाऱ्या कामात) हवेत.

ऑडिटच्या नोंदीत वापरकर्त्याचा ऑब्जेक्ट न जोडता फक्त त्याचा आयडी ठेवावा. दुसऱ्या कॉन्टेक्स्टमधून (स्वतःचा वेगळा ट्रॅकर असलेल्या डेटाबेस-सत्रातून) आलेला ऑब्जेक्ट नोंद ॲड करताना ‘ॲडेड’, म्हणजे नवा, ठरू शकतो आणि तोच वापरकर्ता पुन्हा इन्सर्ट करण्याचा प्रयत्न होतो.

थेट एसक्यूएल आणि 7.0 मधील एक्झिक्यूटअपडेट व एक्झिक्यूटडिलीट ट्रॅकरला वळसा घालून जातात. तिथे ट्रिगर (बदल होताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) किंवा टेम्पोरल टेबल (रांगांची जुनी रूपे आपोआप जपणारे टेबल) यांसारखे उपाय लागतात. त्रुटीचा शोध घेताना चेंजट्रॅकरचा डीबगव्ह्यू (ट्रॅकरची सध्याची स्थिती मजकुरात दाखवणारा) सेव्हच्या आधी आणि नंतर छापून पाहावा.