घरच्या स्टाउटमध्ये व्हॅनिला आणि ओक: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ब्रिटनमधील आमच्या दुकानातून स्टाउटचे, म्हणजे भाजक्या चवीच्या काळ्या बिअरचे, किट नेणारे मराठी ग्राहक एक प्रश्न वारंवार विचारतात: व्हॅनिलाची शेंग आणि ओक झाडाच्या लाकडाचे तुकडे बिअरमध्ये केव्हा, किती आणि कोणत्या क्रमाने घालावेत? पाकिटावरच्या दोन ओळींत याचे उत्तर मावत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. यातील सर्व प्रमाणे २० लिटरच्या एका घाण्यासाठी आहेत.

क्रमाबद्दल आमचे मत ठाम आहे. आधी ओक घालावा, तो मुरू द्यावा, बिअर चाखावी आणि मगच व्हॅनिलाचा विचार करावा. याचे कारण लाकडातच आहे. ओक भाजला की त्यातील लिग्निन या घटकाचे विघटन होऊन व्हॅनिलिन तयार होते, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेला जो मुख्य गंध असतो तोच थोड्या प्रमाणात ओकमधूनही उतरतो. दोन्ही एकदम घातले, तर कोणता गंध कुठून आला हे कळत नाही आणि दोहोंपैकी एक हमखास जास्त होतो. श्रीखंडात वेलची जास्त झाली तर ती वेचून काढता येत नाही. इथेही तसेच आहे.

मूळ स्टाउट कशी आहे, हेही आधी पाहावे. व्हॅनिला स्वतः गोड नसते. तिच्या वासामुळे आपल्याला गोडीची अपेक्षा वाटते. त्यामुळे हायड्रोमीटरवर (हे बिअरची घनता मोजते; आंबताना साखर संपते तसा आकडा उतरतो) १.०१० पर्यंत उतरलेल्या कोरड्या, म्हणजे गोडी न उरलेल्या, आयरिश पद्धतीच्या स्टाउटमध्ये ती पोकळ वाटते, आणि १.०१८ ते १.०२२ च्या दरम्यान थांबलेल्या, अंगाने भरीव स्टाउटमध्ये मात्र छान बसते. गोडी कमी पडत असेल तर २५० ते ४०० ग्रॅम लॅक्टोज उकळत्या पाण्यात विरघळवून घालता येते. ही दुधातली साखर असून बिअरचे यीस्ट ती आंबवत नाही. परंतु ज्यांना दूध सोसत नाही किंवा दुधाची ॲलर्जी आहे, अशा पाहुण्यांना ग्लास हाती देण्यापूर्वी तसे सांगणे आवश्यक आहे.

ओक किंवा व्हॅनिला आंबण्याची क्रिया पूर्ण थांबल्यावरच घालावी, कारण जोरात आंबत असताना निघणारा कार्बन डायऑक्साइड नाजूक गंध आपल्याबरोबर एअरलॉकमधून, म्हणजे झाकणावरच्या वायू सोडणाऱ्या नळीतून, बाहेर नेतो. सलग तीन दिवस हायड्रोमीटरचे वाचन तेच आले, तर क्रिया थांबली असे समजावे.

आमच्याकडे अमेरिकन आणि फ्रेंच असे दोन्ही ओक मिळतात. अमेरिकन ओकला भाजलेल्या सुक्या खोबऱ्यासारखा वास येतो आणि तो चटकन ओळखू येतो. फ्रेंच ओक अधिक संयत असून त्यात लवंगेकडे झुकणारी मसालेदार छटा असते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मध्यम भाजणीचा अमेरिकन ओक घ्यावा. चिप्स, म्हणजे लाकडाच्या पातळ चकत्या, घेतल्यास ३० ग्रॅम पुरतात आणि त्यांचा अर्क एक-दोन आठवड्यांत उतरतो. चौकोनी तुकडे घेतल्यास ५० ग्रॅम घालून सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. आम्ही तुकड्यांची शिफारस करतो, कारण सावकाश उतरणाऱ्या चवीवर लक्ष ठेवणे सोपे जाते.

लाकूड सच्छिद्र असल्याने वरून सॅनिटायझर फवारून ते निर्जंतुक होत नाही. मोदकांसारखे चाळणीवर ठेवून पंधरा मिनिटे वाफवावे, नंतर उकळलेल्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यात, सोडावे. वाफवण्याऐवजी आठवडाभर बर्बन व्हिस्कीत भिजवले तरी चालते. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या भांड्यातच (सहसा पिंपात) ठेवावी लागते, त्यामुळे तिची चव या लाकडाशी जुळते. भिजवलेली व्हिस्की मात्र आधी चाखावी आणि ती कडक तुरट लागली तर टाकून द्यावी.

चिप्स चौथ्या दिवसापासून एक दिवसाआड चाखाव्यात. त्यासाठी झाकण उघडू नये, तोटीतून घोटभर बिअर काढावी. हवा लागलेल्या स्टाउटला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. आमच्या सुरुवातीच्या एका घाण्यात चिप्स तीन आठवडे तशाच राहिल्या आणि बिअर कच्च्या सुपारीसारखी जिभेला ओढ देऊ लागली. तेवढीच साधी स्टाउट तिच्यात मिसळून चार महिने बाटल्यांत ठेवल्यावर ती पिण्याजोगी झाली. तेव्हापासून आम्ही चाखण्याच्या तारखा फर्मेंटरवरच चिकटवून ठेवतो.

आता व्हॅनिला. मादागास्करच्या शेंगांच्या पाकिटावर ‘बर्बन’ असे लिहिलेले असते, त्याचा व्हिस्कीशी संबंध नाही. हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाचे जुने नाव बर्बन होते, त्यावरून ते आले. याच बेटावर १८४१ मध्ये एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचे हाताने परागण करण्याची सोपी रीत शोधली. मादागास्करच्या मळ्यांत आजही फूल न् फूल हाताने फळवावे लागते, म्हणूनच शेंग महाग असते आणि ती वाया जाऊ नये असे आम्हाला मनापासून वाटते.

बोटाभोवती गुंडाळली असता न तुटणारी, तेलकट शेंग चांगली. दोन शेंगा उभ्या चिराव्यात, सुरीच्या पाठीने आतील काळा गर खरवडावा, साली कापून गरासह ६० मिलिलिटर व्होडकात घालाव्यात आणि बरणी आठवडाभर झाकून ठेवावी. व्हॅनिलिन पाण्यापेक्षा मद्यार्कात चांगले विरघळते.

हा अर्क सरसकट ओतू नये. १०० मिलिलिटर स्टाउट मोजून घ्यावी, औषधाच्या सिरिंजने त्यात ०.१ मिलिलिटर अर्क घालावा, ढवळून चाखावे आणि हवे तर आणखी ०.१ घालावे. प्रत्येक ०.१ मिलिलिटर म्हणजे संपूर्ण घाण्यात २० मिलिलिटर, असा हिशेब आहे. जे प्रमाण आवडेल त्यापेक्षा किंचित जास्त ठेवावे, कारण व्हॅनिलाचा गंध बाटलीत हळूहळू ओसरतो, तर ओकचा तुरटपणा मऊ होत जातो. बाटल्या भरताना, बिअरला फेस यावा म्हणून, लिटरमागे ५ ग्रॅम साखर पुरते.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या घरापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही, विक्रीस मात्र मनाई आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना घरी बिअर करणे हा गुन्हा असल्याने आम्ही तिकडे किट पाठवत नाही.

बाटल्या दोन आठवडे उबदार खोलीत आणि नंतर थंड, अंधाऱ्या जागी उभ्या ठेवाव्यात. पिताना स्टाउट साधारण १२ अंश सेल्सिअसला असावी. फ्रिजमधून थेट काढलेल्या ग्लासात व्हॅनिला जाणवत नाही.